डोंगरातल्या चित्रपट महोत्सवाला पहिल्यांदा जाताना

गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, कयाकिंग, स्कीइंग, लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यती अशा विषयांवरचे चित्रपट हल्ली मोबाइलवर हवे तेव्हा बघता येतात. तरीही एखाद्या डोंगरी गावात त्यांचा महोत्सव भरला की दूरदूरची माणसं रजा टाकून तिथे पोचतात. नव्याने जाणारा मात्र महोत्सवाची वेबसाइट उघडल्या उघडल्या गोंधळतो. डझनावारी चित्रपट, गावभर विखुरलेली सभागृहं, पासांचे तीन-चार प्रकार आणि एकाच वेळी तीन ठिकाणी तीन चांगले कार्यक्रम.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सगळं बघून होत नाही, आणि सगळं बघायला जायचंही नसतं. जे त्या गावात, त्या चार दिवसांतच घडणार आहे त्याला पहिला मान द्या. जे चित्रपट नंतर फिरत फिरत तुमच्या शहरापर्यंत किंवा तुमच्या फोनपर्यंत येणारच आहेत, त्यांना शेवटचा. राहायचं कुठे इथपासून कोणत्या रांगेत उभं राहायचं इथपर्यंतचे सगळे निर्णय या एका निकषाने सोपे होतात.

महोत्सव निवडताना ऋतू बघा

या प्रकारचा सर्वांत जुना महोत्सव इटलीतल्या ट्रेंटोचा. तो १९५२ साली सुरू झाला, आणि एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला भरतो. कॅनडातल्या बॅन्फचा महोत्सव १९७६ पासूनचा. ऑक्टोबर संपता संपता सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. तिथे डोंगरांवरच्या पुस्तकांचीही स्पर्धा असते आणि लेखक भेटतात, त्यामुळे वाचणाऱ्या माणसाला बॅन्फ विशेष आवडतं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या टेल्युराइड गावात १९७९ पासून ‘माउंटनफिल्म’ भरतो, मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या जोडसुट्टीत. स्वित्झर्लंडमधल्या ले दियाब्लरे या छोट्या गावात ऑगस्टमध्ये, तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवरच्या केंडालमध्ये नोव्हेंबरमध्ये महोत्सव असतो.

प्रत्येकाचा कल वेगळा. ट्रेंटोत चढाईइतकंच डोंगरात राहणाऱ्या माणसांचं जगणं दिसतं. टेल्युराइडमध्ये पर्यावरण आणि समाजाचे प्रश्न मोठी जागा घेतात. कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीचा महोत्सव तर दक्षिण युबा नदी वाचवण्यासाठी झटणाऱ्या संस्थेने २००३ मध्ये सुरू केला. तिथे नद्या, जंगलं आणि चळवळी यांवरचे चित्रपट अधिक असणार, हे त्या जन्मकथेवरूनच कळतं. मागच्या दोन वर्षांची चित्रपटांची यादी वेबसाइटवर सहसा मिळते. ती वाचली की आपली आवड तिथे बसते का, याचा अंदाज येतो.

पहिल्यांदाच जात असाल तर माझा सल्ला असा: ज्या ऋतूचे कपडे आणि सवय तुमच्याकडे आहे, तो महोत्सव निवडा. बॅन्फला त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो. थंडीची सवय नसलेल्या माणसाचे पहिले दोन दिवस नुसते थंडीशी जुळवून घेण्यात जातात.

मुक्काम आणि पास

तारखा जाहीर झाल्या की आधी राहण्याची जागा बघा, आणि पासाचं काम त्याच दिवशी उरका. डोंगरी गाव पसरायला जागाच नसते. बॅन्फ हे राष्ट्रीय उद्यानाच्या आतलं गाव. त्याची हद्द ठरवून दिलेली आहे, ती वाढत नाही. टेल्युराइड तीन बाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेल्या दरीच्या टोकाला बसलं आहे. अशा गावात महोत्सवाच्या आठवड्यात खोल्या लवकर संपतात आणि उरलेल्यांचे भाव चढतात.

गावात जागा मिळाली नाही तरी नाउमेद होऊ नका, शेजारचं गाव बघा. बॅन्फपासून पंचवीसएक किलोमीटरवर, उद्यानाच्या हद्दीबाहेर कॅनमोर आहे आणि दोन्हींमध्ये ‘रोम’ नावाची सार्वजनिक बस चालते. टेल्युराइडच्या वर माउंटन व्हिलेज नावाची वसाहत आहे. दोन्ही ठिकाणं १९९६ पासून एका फुकट गोंडोलाने, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या बंद डब्यांनी, जोडलेली आहेत. खालून वर जायला तेरा-चौदा मिनिटं लागतात. शेजारच्या गावात राहायचं ठरवलं तर बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा: रात्री शेवटचा खेळ संपल्यावर परतायला बस किंवा गोंडोला चालू असतो का? महोत्सवातला रात्रीचा खेळ, त्यानंतरची प्रश्नोत्तरं आणि मग बाहेर रंगलेल्या गप्पा धरल्या तर अकरा सहज वाजतात.

पास घेताना नुसती किंमत पाहू नका. पास असला म्हणजे खुर्ची नक्की, की फक्त आधी आत सोडणार? हे प्रत्येक महोत्सवात वेगळं असतं आणि नियमांच्या पानावर लिहिलेलं असतं. सगळे दिवस राहणार असाल आणि दिवसाला दोनापेक्षा जास्त कार्यक्रम बघणार असाल, तर पूर्ण पास परवडतो. शनिवार-रविवारपुरतेच जाणार असाल तर सुटी तिकिटं काढा; त्यात निवड करणं भाग पडतं आणि ते चांगलंच आहे.

एकटं जाणाऱ्यांसाठी आणखी एक रस्ता आहे: स्वयंसेवक होणं. अशा महोत्सवांचा बराचसा डोलारा स्वयंसेवकांवर उभा असतो. तिकिटं तपासणं, रांगा लावणं, पाहुण्यांना आणणं-सोडणं अशी कामं असतात आणि अनेक ठिकाणी ठरावीक तासांच्या कामाबदल्यात पास मिळतो. पहिल्या दिवसापासून ओळखी होतात, हा सगळ्यात मोठा फायदा. अर्ज मात्र काही महिने आधी करावा लागतो. परदेशात जाणार असाल तर पर्यटक व्हिसावर असं काम चालतं का, हे आधी विचारून घ्या. मोबदल्यात पैसे नसले तरी काही देशांत त्याला ‘काम’ धरतात.

उंचीचा हिशोब

चित्रपट बघायला जाणारा माणूस उंचीचा विचार करत नाही, कारण आपण कुठे शिखर चढणार आहोत असं त्याला वाटतं. पण टेल्युराइड २,६६७ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास पाऊणपट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही पाऊणपटच मिळतो. साधारण २,५०० मीटरच्या वर झोपायला गेलं की काही जणांना उंचीचा त्रास सुरू होतो: डोकं दुखणं, मळमळ, भूक मंदावणं, रात्री झोप न लागणं. समुद्रकाठच्या शहरातून विमान आणि गाडीने एका दिवसात तिथे पोचणाऱ्याला तो जाणवू शकतो. माउंटन व्हिलेज गावापेक्षा आणखी सुमारे अडीचशे मीटर उंच आहे. ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांनी खाली गावात झोपण्याची सोय बघावी.

महोत्सवाच्या एक-दोन दिवस आधी पोचा. वाटेत मधल्या उंचीवर एक रात्र काढता आली तर उत्तम. पहिल्या दोन रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, पाणी तहानेप्रमाणे पीत राहा, जिने चढताना घाई करू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. उंचीच्या त्रासावरची औषधंही त्यांच्याच सल्ल्याने घ्या. इथे एक फसगत होते. दिवसभर अंधारात पडद्याकडे बघून डोकं दुखतंय असं समजून लोक गोळी घेतात आणि पुढच्या खेळाला बसतात. सोबत मळमळ किंवा थकवा असेल तर खेळ सोडा आणि खोलीवर जाऊन विश्रांती घ्या. विश्रांती घेऊनही त्रास वाढतच गेला, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर थांबून वाट बघायची नाही. लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

बॅन्फ १,३८३ मीटरवर आहे, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. ट्रेंटो तर दरीतलंच शहर. पण कोरडी हवा आणि ऊन सगळीकडेच असतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि बर्फ ती परत तोंडावर फेकतो, त्यामुळे सनस्क्रीन, गॉगल आणि ओठांचं मलम खिशात हवंच.

कार्यक्रमपत्रिका वाचायची कशी

या कामाला एक निवांत संध्याकाळ द्या. पत्रिका छापून घ्या, हातात पेन्सिल घ्या आणि आधी काय खोडायचं ते ठरवा.

बॅन्फचा महोत्सव संपला की त्यातले निवडक चित्रपट जगाच्या दौऱ्यावर निघतात आणि वर्षभर शेकडो गावांत दाखवले जातात. दुसऱ्याही काही महोत्सवांचे असे दौरे असतात. कपडे-बूट-साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांनी काढलेले लघुपट बहुतेकदा काही महिन्यांत इंटरनेटवर फुकट येतात. मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीचं नाव असलेला माहितीपट तर घरीच बघता येणार. चित्रपट म्हणून यांतले काही फार सुंदर असतात, पण त्यांच्यासाठी दोन तास रांगेत उभं राहू नका. त्यांचा दिग्दर्शक किंवा त्यातला गिर्यारोहक स्वतः हजर राहणार असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता काय ठेवायचं? ज्याचा पहिलाच जाहीर खेळ इथे होतोय आणि ज्याचे कर्ते समोर बसणार आहेत, तो चित्रपट. कमी बोलल्या जाणाऱ्या भाषेतला, छोट्या देशातून आलेला चित्रपट, ज्याची पुन्हा कुठे गाठ पडेल याची खात्री नाही. जुन्या मोहिमांचं जपून ठेवलेलं चित्रण. लेखकाशी गप्पा, परिसंवाद, छायाचित्रांचा कार्यक्रम. आणि लघुपटांचा एखादा तरी गट.

या लघुपटांच्या गटांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवखे लोक नेमके तेच सोडतात. साधारण दीड ते दोन तासांत सहा-आठ लघुपट सलग दाखवतात. पत्रिकेत त्यांचं एकत्र एक फुटकळ नाव असतं, प्रत्येकाला दोन ओळींची जागा, आणि ओळखीचा चेहरा एकही नाही. पण चार मिनिटांच्या, एक शब्द नसलेल्या स्कीइंगच्या चित्रफितीला लागून वीस मिनिटांचा एखाद्या वयस्क वाटाड्याचा चित्रपट येतो, आणि दिग्दर्शकाला प्रत्येक मिनिटाचा हिशोब द्यावा लागलेला असल्याने कुठे पाणी घातलेलं नसतं. एखादा नाही आवडला तर दहा मिनिटांत संपतो. नव्या माणसांचं काम इथेच दिसतं. आज गटात दडलेला दिग्दर्शक पुढे पूर्ण लांबीचा चित्रपट घेऊन येतो. शिवाय या गटानंतर मंचावर पाच-सहा निर्माते एकदम उभे राहतात, आणि गर्दी कमी असल्याने त्यांच्याशी बोलताही येतं.

दिवसाला तीन कार्यक्रम, त्याहून जास्त नको. दोन कार्यक्रमांमध्ये पाऊण तास तरी मोकळा ठेवा. खेळ उशिरा सुटतात, सभागृहं लांब असतात, जेवायचंही असतं. एखादी दुपार पूर्ण रिकामी ठेवा. काही महोत्सव वेळापत्रकात मुद्दाम जागा सोडतात आणि ज्यांना खूप गर्दी झाली ते चित्रपट तिथे पुन्हा लावतात. ज्याची दुपार मोकळी आहे त्यालाच ते सापडतात.

एक गोष्ट पत्रिकेच्या दोन ओळींत कळत नाही. या चित्रपटांत मृत्यू बराच असतो: हिमप्रपात, दोरावरून पडणं, मागे राहिलेली माणसं. असे दोन चित्रपट सलग ठेवू नका. मुलांना नेणार असाल तर बहुतेक ठिकाणी मुलांसाठी वेगळा कार्यक्रम असतो, तोच निवडा.

रांग

पासवाल्यांची रांग वेगळी, तिकिटवाल्यांची वेगळी, आणि उरलेल्या खुर्च्यांसाठी आयत्या वेळची तिसरी. अर्धा-पाऊण तास आधी जा. आयत्या वेळची रांग बघून मागे फिरू नका, कारण पासवाले सगळे येत नाहीत आणि खेळ सुरू होण्याच्या दहाएक मिनिटं आधी रिकाम्या खुर्च्या सोडतात. रांगेत शेजारच्याला ‘आत्तापर्यंत काय आवडलं?’ एवढं विचारा. छापील परीक्षणापेक्षा ही माहिती ताजी आणि खरी असते, आणि माझ्या मते महोत्सवातल्या निम्म्या ओळखी इथेच होतात.

उघड्यावरचा खेळ

काही महोत्सवांत एखादा खेळ बागेत किंवा मैदानात, हवा भरून उभ्या केलेल्या पडद्यावर होतो. तो पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही. उत्तरेकडच्या देशांत मे-जूनमध्ये त्यासाठी रात्रीचे नऊ-साडेनऊ किंवा त्याहूनही उशीर होतो. तुम्ही मात्र जागा धरायला आठलाच जाऊन बसलेले असता. तेव्हा ऊन नुकतंच गेलेलं असतं, अंगात टी-शर्ट असतो आणि थंडीचा विचार कोणाच्या डोक्यात नसतो. सूर्य कड्यामागे गेला की अर्ध्या तासात हवा पालटते. पहिला चित्रपट संपेपर्यंत गवतावर दव धरतं, पायांची बोटं बधिर होतात, आणि मंडळी एकेक करून उठायला लागतात.

उठणाऱ्यांकडे जॅकेट असतं. नसतं ते बुडाखाली. गारवा जमिनीतून चढतो, म्हणून कॅरीमॅट, म्हणजे खाली अंथरायची फोमची चटई, ही पहिली वस्तू. नुसती चादर दवाने ओली होते. कॅरीमॅटवर स्लीपिंग बॅग किंवा जाड पांघरूण, अंगात लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. कानटोपी, हातमोजे आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड सॅकमध्ये वेगळा ठेवा आणि खेळ सुरू होण्याआधीच मोजे बदला. गार पडलेले पाय पुन्हा गरम व्हायला फार वेळ लागतो. बसायची खुर्ची बुटकी असू द्या, म्हणजे मागच्यांच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत. हेडटॉर्च लाल दिव्यावर ठेवा आणि जमिनीकडे वळवा. पाऊस आला तरी खेळ चालू राहू शकतो, वारा सुटला तर मात्र पडदा उतरवतात. पर्यायी जागा कोणती हे आधीच विचारून ठेवा.

पडदा मिटल्यावर

नावं सरकायला लागली की निम्मं सभागृह उठतं. तुम्ही बसून राहा. ज्यासाठी इतक्या लांब आलात ते आता सुरू होतं.

प्रश्न विचारताना ‘तुम्हाला भीती वाटली का?’ हा प्रश्न टाळा. त्यांनी तो खूपदा ऐकलेला असतो आणि उत्तरही ठरलेलं असतं. त्याऐवजी छायाचित्रणाबद्दल विचारा. कड्यावर लटकलेला गिर्यारोहक आपल्याला दिसतो तेव्हा त्याच्या वर किंवा बाजूला दुसरं कोणीतरी तितक्याच उंचीवर, कॅमेऱ्याच्या वजनासकट लटकलेलं असतं. त्याने दोर कुठे बांधला, थंडीत बॅटऱ्या कशा जिवंत ठेवल्या, कोणत्या क्षणी कॅमेरा बंद करायचा असं ठरलं होतं, या प्रश्नांवर मंचावरची माणसं खुलतात. सामान वाहणारे, वाटाडे, स्थानिक मदतनीस यांची नावं चित्रपटात नसतील तर तेही सरळ पण सभ्यपणे विचारा. हा प्रश्न सभागृहात कोणीतरी विचारायलाच हवा.

नंतर बाहेर कॉफीच्या टेबलापाशी हीच मंडळी उभी दिसतात. छोट्या गावाची ही देणगी आहे; मोठ्या शहरातल्या महोत्सवात ती मागच्या दाराने निघून जातात. चित्रपटातली एखादी नेमकी जागा सांगा, दोन मिनिटं बोला आणि पुढच्याला जागा द्या. ज्याने मोहिमेत साथीदार गमावला आहे त्याच्याशी बोलताना अपघाताचा तपशील उकरू नका. पडदा चालू असताना मोबाइलवर चित्रण करणं तर अजिबात नको.

दिवसा डोंगरात

रिकामी दुपार ठेवली आहे ती बाहेर पडण्यासाठीच. फक्त आदल्या रात्रीचा चित्रपट डोक्यात घेऊन वाट निवडू नका. पडद्यावरच्या माणसांनी त्यासाठी वर्षानुवर्षं तयारी केलेली असते. सकाळी पर्यटक माहिती केंद्रात जाऊन आजची वाट कशी आहे ते विचारा. मेअखेरीस टेल्युराइडच्या वरच्या वाटांवर बर्फ आणि चिखल असतो. बॅन्फला त्या दिवसांत तळ्यांवर नुकता धरलेला पातळ बर्फ असतो, त्यावर पाऊल टाकायचं नाही. तिथे नवख्याला सोयीची वाट टनेल माउंटनची. महोत्सव भरतो ते बॅन्फ सेंटर त्याच्याच अंगाला आहे, चढण अडीचशे-तीनशे मीटरची, आणि दोन-तीन तासांत जाऊन येता येतं. वाट गोठलेली असेल तर बुटांना लावायचे छोटे काटे लागतात.

बॅन्फला एल्क ही मोठी हरणं गावातल्या रस्त्यांवरही येतात. त्यांच्यापासून किमान ३० मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून किमान १०० मीटर अंतर ठेवायचं, असं कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांचं सांगणं आहे. एल्क शांत उभा दिसला तरी फोटोसाठी जवळ जाऊ नका.

परतीचं तिकीट

शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी बक्षीस मिळालेले चित्रपट दाखवतात. ही निवड परीक्षकांनी केलेली असते, त्यामुळे आधीचे तीन दिवस तुम्ही ज्या वाटेने गेलात त्यापेक्षा वेगळं काहीतरी हाती लागतं. म्हणून परतीचं बुकिंग त्या दिवशीचं करू नका, दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं करा. डोंगरातले रस्ते बर्फाने बंद होतात, छोट्या विमानतळांवरची विमानं रद्द होतात. पुढचं मोठं विमान पकडायचं असेल तर मध्ये एक रात्र ठेवा. निघण्यापूर्वी आवडलेल्या लघुपटांची आणि त्यांच्या दिग्दर्शकांची नावं वहीत स्पष्ट अक्षरात उतरवून घ्या. गटात पाहिलेल्या चित्रपटांची नावं आठवड्याभरात एकमेकांत मिसळतात, आणि महिन्यांनी तो चित्रपट कुठे लागला तर शोधायला तुमच्याकडे तेवढाच धागा असतो.